मत्स्यालयातील ‘रासायनिक गाळण’ : प्रक्रिया आणि परिभाषा

काचेच्या टाकीत शोभिवंत मासे पाळणाऱ्यांच्या बोलण्यात आणि त्यांच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या मराठी मजकुरात ‘रासायनिक गाळण’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. पाण्याचे गाळण तीन प्रकारचे, असे सांगितले जाते : स्पंज, कापूस वा वाळू यांतून पाणी नेऊन त्यातील कण अडविणे हे यांत्रिक, माशांच्या उत्सर्गातील विषारी द्रव्यांचे सूक्ष्मजीवांकडून रूपांतर करविणे हे जैविक, आणि कोळसा, झिओलाइट, रेझीन यांसारख्या पदार्थांवरून पाणी खेळविणे हे रासायनिक. ही विभागणी सोयीची आहे आणि ती मोडून काढण्याचे कारण नाही. परंतु या तिहींपैकी पहिल्याच क्रियेत काही गाळले जाते. उरलेल्या दोहोंना ‘गाळण’ म्हणणे हा लक्षणेचा व्यवहार होय. तिसऱ्या प्रकारात तर या लक्षणेपायी मासे मरतात, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

‘गाळणे’ हे ‘गळणे’ या अकर्मक क्रियापदाचे सकर्मक रूप आहे; पडणे-पाडणे, तरणे-तारणे, चरणे-चारणे या मालिकेतील ही जोडी. त्याच्या कर्माविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाणी, ताक किंवा काढा गाळतात तेव्हा कर्म म्हणून येणारी वस्तू हवी असते, आणि मागे राहणारा गाळ वा चोथा टाकावयाचा असतो. उलट, मजकुरातील ओळ गाळतात किंवा यादीतील नाव गाळतात तेव्हा कर्मच टाकावयाचे असते. दोन्ही प्रयोगांत निवड मात्र गृहीत आहे : एक बाजू ठेवावयाची, दुसरी टाकावयाची. पाण्याच्या बाबतीत ही निवड मधला अडसर करतो. त्याच्या छिद्रांहून मोठे ते अलीकडे राहते, लहान ते पलीकडे जाते. पदार्थ कोणता, याच्याशी गाळणीला कर्तव्य नसते. तिला आकार तेवढा कळतो. म्हणून गाळणी पुरेशी बारीक असली की सगळीच घाण अडेल, ही अपेक्षा या क्रियापदातच दडलेली आहे. टाकीतील कोळसा ती पुरी करू शकत नाही, कारण त्याचे काम आकारावर चालतच नाही.

पाणी स्वच्छ करण्याची दुसरी देशी रीत ‘निवळणे’ या क्रियापदाने सांगितली जाते. गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरविला किंवा रांजणाच्या आतल्या अंगाला निवळीचे बी घासले की काही वेळाने पाणी निवळते. येथे कर्ता पाणीच आहे. निवळी म्हणजे संस्कृतातील कतक. कतकाचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असा दृष्टान्त मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात आलेला आहे. परिभाषा घडविणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मातीचे अतिसूक्ष्म कण त्यांच्यावरील ऋण विद्युत्भारामुळे परस्परांना दूर लोटतात व तरंगत राहतात. तुरटीतील अॅल्युमिनियम हा भार निष्प्रभ करते, कण एकत्र येतात आणि जड होऊन तळाशी बसतात. मराठी शास्त्रीय परिभाषेत या क्रियेला ‘किलाटन’ म्हणतात. संस्कृतात ‘किलाट’ म्हणजे आटवून वा नासवून घट्ट केलेले दूध. त्यावरून घडविलेली ही संज्ञा चपखल म्हणावी लागेल. मत्स्यालयासाठी बाटलीतून विकली जाणारी पाणी स्वच्छ करणारी बरीच द्रावणे हेच काम करतात. खुद्द तुरटी मात्र माशांच्या टाकीत टाकू नये. तिच्यामुळे पाण्याची आम्लता वाढते, आणि आम्ल पाण्यात विरघळलेले अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना अपाय करते.

गाळणे आणि निवळणे या दोन्ही क्रिया तरंगणाऱ्या कणांपुरत्या आहेत. मत्स्यालयातील अधिक अवघड प्रश्न विरघळलेल्या द्रव्यांचा आहे, आणि तो मत्स्यालयाच्या जन्माइतकाच जुना आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका पात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पतीची जुनी पाने कुजू लागून पाणी गढूळले, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. हा वृत्तान्त त्यांनी १८५० साली तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडला. ‘अॅक्वेरियम’ हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ सालच्या त्याच नावाच्या ग्रंथामुळे. (मूळ लॅटिनमध्ये हा शब्द गुरांच्या पाणवठ्याला लावीत.) पाने नाहीशी झाली तरी मासे आणि गोगलगाई यांच्या उत्सर्गातून पाण्यात येणारे अमोनिया कोठे जाते, या प्रश्नाचा उलगडा होण्यास १८९० च्या सुमाराचे विनोग्राड्स्की यांचे सूक्ष्मजीवांवरील संशोधन यावे लागले. अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू हेच आजही प्रत्येक टाकीचे मुख्य आधार आहेत. रासायनिक पदार्थ त्यांचे साहाय्यक होत; त्यांची जागा घेऊ शकतील असे नव्हेत.

या पदार्थांत सर्वांत परिचित तो सक्रियित कोळसा. कोळशाने द्रावणाचा रंग नाहीसा होतो, हे टोबियास लोविट्झ यांनी १७८५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे पाहिले होते. नारळाच्या करवंटीचा किंवा दगडी कोळसा अतिशय उच्च तापमानात वाफेने पोखरला म्हणजे त्यात असंख्य सूक्ष्म विवरे पडतात, आणि एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठ ५०० ते १,५०० चौरस मीटर भरते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३० चौरस मीटरांचे असते. अशी सात-आठ मैदाने चिमूटभर कोळशात मावतात म्हणावयाचे. पाण्यातील कित्येक द्रव्यांचे रेणू या पृष्ठाला चिकटून राहतात. चिकटणे हाच शब्द येथे नेमका आहे. कापूस पाणी शोषतो तेव्हा ते त्याच्या अंतरंगात जाते. कोळशाच्या बाबतीत सर्व व्यवहार पृष्ठावर चालतो. हा भेद दाखविण्यासाठी १८८१ साली हाइनरिख कायझर यांनी ‘अॅड्सॉर्प्शन’ ही संज्ञा प्रचारात आणली. जुन्या शब्दाचा एक उपसर्ग तेवढा बदलला होता. मराठीत तिला ‘अधिशोषण’ किंवा ‘पृष्ठशोषण’ असे दोन पर्याय आहेत. ‘अधि’ म्हणजे वर. तेव्हा पहिला पर्याय अर्थाने बिनचूक असून मूळ उपसर्गाशी त्याचे ध्वनिसाम्यही आहे. परंतु ‘शोषण’ हा धातुभाग दोहोंत कायम राहतो, आणि सामान्य वाचक उपसर्गाकडे दुर्लक्ष करून धातूचाच अर्थ घेतो. मग कोळसा ‘सगळे शोषून घेतो’ असे वाक्य सहज तयार होते.

वस्तुतः कोळसा फार निवडक आहे. मोठे, पाण्याशी फारशी सलगी नसलेले सेंद्रिय रेणू त्याला धार्जिणे असतात : लाकडाच्या ओंडक्यातून उतरणारे टॅनिन, कुजणाऱ्या पाल्यातील पिवळसर द्रव्ये, दुर्गंधी, रंगद्रव्ये. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही त्याच्या संपर्कात नष्ट होते, मात्र ती चिकटण्याची क्रिया नसून कोळशाशी होणारी खरीखुरी रासायनिक अभिक्रिया होय. अमोनियम, नायट्राइट, नायट्रेट हे लहान, विद्युत्भारित आयन तो जवळजवळ सर्वच्या सर्व सोडून देतो. म्हणजे डोळ्यांना जे खुपते ते कोळसा उचलतो, आणि माशाला जे मारते ते तसेच ठेवतो. नव्या टाकीत घडणाऱ्या अनर्थाचे मूळ येथे आहे. टाकी मांडून आठवडा झालेला असतो, जीवाणूंची वस्ती अजून जमलेली नसते, कोळशामुळे पाणी स्फटिकासारखे दिसत असते, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडीत असतात. ‘नितळ’ या शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, त्याने तळ दिसण्याचे चित्र मनासमोर उभे राहते. तळ दिसतो एवढाच त्याचा अर्थ घ्यावयास हवा. ‘निर्विष’ हा अर्थ त्यात नाही.

‘गढूळ’ या एकाच विशेषणाखाली पाण्याच्या तीन निरनिराळ्या स्थिती दडपल्या जातात, हेही याच ओघात सांगितले पाहिजे. नव्या टाकीतील दुधाळपणा पुष्कळदा मुक्त जीवाणूंच्या वाढीने येतो व काही दिवसांत आपोआप जातो. हिरवटपणा एकपेशीय शेवाळाचा असतो; त्याचा उपाय प्रकाश व पोषकद्रव्ये कमी करणे हा होय. या दोन्ही स्थितींत कोळसा निरुपयोगी आहे, कारण येथे तरंगत्या पेशी आहेत, विरघळलेले द्रव्य नाही. केवळ पिवळसरपणा त्याच्या अधिकारात येतो. तो ओळखण्यासाठी पांढऱ्या पेल्यात टाकीचे व दुसऱ्यात नळाचे पाणी घेऊन शेजारी ठेवावे. फरक दिसू लागला म्हणजे कोळसा भरत आला असे समजावे. कोळशाकडे पाहून हे कधीच कळत नाही. भरलेला कोळसा सर्व विष एकदम परत ओकतो, ही भीती मात्र अतिरेकी आहे. काही आठवड्यांनी त्याच्यावर जीवाणू वस्ती करतात, आणि लहान टाकीत असा कोळसा पुरताच काढून टाकल्याने ती वस्तीही त्याबरोबर जाते. औषधोपचाराच्या वेळी तो काढणे मात्र अपरिहार्य आहे. मेथिलीन ब्ल्यू, मॅलकाइट ग्रीन ही औषधे रंगद्रव्येच असल्यामुळे कोळसा ती आधी उचलतो.

झिओलाइटची गोष्ट याहून वेगळी, आणि अधिक धोक्याची आहे. तापविला असता बुडबुडे येणारा म्हणून १७५६ साली क्रोनस्टेट यांनी ग्रीक भाषेच्या आधारे या खनिजाला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील पोकळ्यांत सापडणारी याच कुळातील स्फटिके जगभर प्रसिद्ध आहेत; सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती पाहावयास मिळतात. मत्स्यालयात वापरावयाचा क्लिनोप्टिलोलाइट हा त्या संग्रहांतील ह्यूलँडाइटचा रचनेने सख्खा भाऊ. त्याच्या जाळीदार रचनेत सोडियमसारखे आयन सैलसर बसलेले असतात. पाण्यातील अमोनियम आयन आला की तो सोडियमला बाहेर काढून ती जागा घेतो. येथे पृष्ठावर चिकटणे नाही. ही अदलाबदल आहे, आणि ‘आयन-विनिमय’ ही संज्ञा ते स्पष्ट सांगते. परंतु बाजारातील पुडीवर ‘विनिमय’ हा शब्द नसतो, ‘अमोनिया गाळणारा’ असे असते.

गाळलेली वस्तू परत येत नाही. विनिमय मात्र उलट दिशेनेही होतो. पाण्यात सोडियमचे प्रमाण फार वाढविले तर तेच सोडियम अमोनियमला हुसकावून आपली जागा परत घेते. झिओलाइट पुन्हा उपयोगात आणण्यासाठी तो मिठाच्या तीव्र द्रावणात भिजत ठेवतात, तो याच कारणाने. आणि सागरी मत्स्यालयात तो अमोनियासाठी कुचकामी ठरतो, तोही याच कारणाने. आता असे समजावे की टाकीत नायट्राइट वाढले आहे. क्लोराइड हे नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून अनुभवी माणूस जाडे मीठ टाकण्याचा सल्ला देतो. सल्ला योग्य आहे. पण त्या टाकीत महिनाभर अमोनियम गोळा करीत बसलेला झिओलाइट असेल, तर मीठ पडताच तो साठा पाण्यात उतरू लागतो. शिवाय अमोनियमचा काही अंश अमोनिया या अतिविषारी रूपात असतो : २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असता शेकडा सुमारे अर्धा, ८ असता सुमारे ५, आणि ९ असता ३५ च्या आसपास. पठारावरील विहिरींचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते, हे लक्षात घेतले म्हणजे तेच पाणी भरलेल्या टाकीत काय घडेल याचा अंदाज करता येतो. पाणी या सर्व काळात नितळच दिसते.

उरलेल्या पदार्थांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. लोहाच्या ऑक्साइडाचे व हायड्रॉक्साइडाचे कण फॉस्फेट घट्ट धरून ठेवतात. शेवाळाचे पोषण तुटते, पण आधीच माजलेले शेवाळ त्यामुळे लगेच नाहीसे होत नाही. संश्लेषित रेझिनांचा उगम अॅडम्स व होम्स यांच्या १९३५ सालच्या संशोधनात आहे. त्यांतील काही विनिमय करतात, काही अधिशोषण, काही दोन्ही. तेव्हा कोणते रेझीन काय करते हे कळल्याशिवाय ‘रेझीन घाला’ या सल्ल्याला अर्थ नाही.

परिभाषेच्या बाजूने पाहता या सर्व पदार्थांना लावला जाणारा ‘माध्यम’ हा शब्दही समाधानकारक नाही. मराठीत माध्यम म्हणजे ज्यातून काही पलीकडे जाते ते : शिक्षणाचे माध्यम, प्रसाराचे माध्यम. येथे पदार्थाचे महत्त्व पलीकडे जाऊ देण्यात नसून धरून ठेवण्यात आहे. ‘ग्राहक’ म्हणावे तर तो शब्द दुकानदाराने केव्हाच पळविला. ‘ग्राही’ हे उत्तरपद मात्र मोकळे आहे, आणि ते कर्म मागितल्याखेरीज राहत नाही. ग्राही म्हटले की कशाचा, हे सांगावेच लागते. रंगग्राही कोळसा, अमोनियमग्राही झिओलाइट, फॉस्फेटग्राही लोहकण असे म्हटल्याने प्रत्येकाचा अधिकार आणि त्याची मर्यादा एकाच शब्दात येते. ‘रासायनिक गाळण’ हे शीर्षक प्रकरणाच्या माथ्यावर राहिले तरी मग फारसे बिघडणार नाही.

‘फायटर’ मासा पाळणारे कित्येकजण टाकीत मुद्दाम बदामाची वाळलेली पाने टाकतात. त्यांतील टॅनिनने पाणी फिक्या चहाच्या रंगाचे होते, आणि संथ, पालापाचोळ्याच्या पाण्यात राहणाऱ्या या माशाला ते मानवते. त्याच टाकीच्या यंत्रात पुष्कळदा विकत घेतानाच कोळशाची पुडी बसविलेली असते, आणि थोड्याच दिवसांत पाणी पुन्हा पांढरे पडते. पाने निकस निघाली असे समजून तो गृहस्थ आणखी पाने टाकतो. पुडीवर ‘रंगग्राही’ असे छापलेले असते, तर आधी काय बाहेर काढावयाचे हे त्याला कळले असते.