मोटारबोटीची धूरनळी : केव्हा व कशी बदलावी?

बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु खडकपूर्णा प्रकल्पाचा संत चोखा सागर आणि नळगंगेचा जलाशय येथे विस्तीर्ण पाणी आहे. पावसाळ्यात पूर्णाकाठच्या गावांना पुराची चिंता असते, ती वेगळीच. अशा पाण्यावर न्यावयाच्या मोटारबोटीचे इंजिन आतल्या बाजूस असेल, तर तिच्या धूरनळीकडे दुर्लक्ष होता कामा नये.

इंजिन थंड करून आलेले पाणी धुरात सोडले जाते. त्यामुळे निवलेला धूर रबरी नळीतून पाण्यासह बोटीच्या मागे बाहेर पडतो. पाण्याचा पंप बंद पडला, की हीच नळी आतून करपते. ती फुटल्यास बोटीत पाणी शिरते. शिवाय रंग व वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायू आत साचतो.

नळी मऊ पडली, फुगली किंवा तिला तडे गेले, की ती बदलावी. बोट काठावर घेऊन इंजिन थंड होऊ द्यावे. जुनी नळी निघत नसेल तर लांबीत चिरावी. नवी नळी त्याच व्यासाची, तारेचे वेटोळे असलेली व बोटीच्या धुरासाठीच बनविलेली असावी; मोटारगाडीच्या रेडिएटरची नळी चालत नाही. साबणाचे पाणी लावून ती बसवावी आणि प्रत्येक टोकास न गंजणाऱ्या पोलादाच्या दोन क्लिपा आवळाव्यात. उतार मूळ रचनेप्रमाणेच ठेवावा. अन्यथा पाणी उलटून इंजिनात शिरते.

शेवटी बोट पाण्यात उतरवून इंजिन चालवावे. मागून पाणी पडते आहे व सांधे कोरडे आहेत, याची खात्री झाल्यावरच माणसे बोटीत घ्यावीत.