बाळंतपणाची बेगमी

पेरणीआधी आपण बी-बियाणे जमवतो. बाळंतपणाचीही तशीच बेगमी करावी.

शेतमजूर बाईला पगारी रजा नसते. घरात दाणा नसला, की ती बाराव्या दिवशीच खुरपे घेऊन रानात जाते. तिची तब्येत खचते, बाळाच्या दुधाची आबाळ होते.

म्हणून दिवस गेल्याचे कळताच दर बाजाराला थोडे पैसे बाजूला टाकावेत. तीन महिन्यांची ज्वारी, डाळ, गूळ, सरपण भरावे. जुनी मऊ लुगडी धुऊन ठेवावीत.

अंगणवाडीत नाव घालावे. नियमात बसणाऱ्या आईला मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात. पण दुसरा हप्ता बाळाला लसी टोचल्यावर येतो. घरची शिल्लक हवीच. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होते.

गडीमाणसांनो, हे काम एकट्या बाईचे नव्हे. आपण सगळे मिळून करू.