निर्वासित म्हणजे नेमकं कोण? पावणे गावातल्या मुलांना हे कसं समजावता येईल

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या पावणे गावात अनेक घरांची शेती एमआयडीसीत गेली. त्याच एमआयडीसीतल्या कामासाठी मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेली कुटुंबंही इथेच राहतात. या मुलांना 'निर्वासित' हा शब्द शिकवायचा, तर सुरुवात सीरियाच्या फोटोंपासून करायची गरज नाही. वर्गातल्या या दोन्ही घरांना निर्वासित म्हणत नाहीत. का म्हणत नाहीत, हे कळलं की निम्मा धडा झालाच.

जमीन गेली ते प्रकल्पग्रस्त. त्यांचं नुकसान मोठं होतं, त्यासाठी १९८४ मध्ये जासईला आंदोलकांवर गोळीबारही झाला. पण देश तोच राहिला आणि सरकारशी भांडायची सोय राहिली. पोटापाण्यासाठी आले ते स्थलांतरित. सुट्टी मिळाली की त्यांना गावी जाता येतं.

निर्वासिताला परत जाता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटामुळे छळ होण्याची रास्त भीती असल्याने जो आपल्या देशाबाहेर आहे आणि परतू शकत नाही, तो निर्वासित. आश्रयार्थी म्हणजे ज्याने दुसऱ्या देशाकडे आश्रय मागितलाय, पण निर्णय व्हायचाय. मुलांच्या भाषेत, पेपर दिलाय, निकाल लागायचाय.

उदाहरण जवळच आहे

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना तिथल्या बराकींमध्ये ठेवलं गेलं. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. आजही तिथल्या पत्त्यात 'कॅम्प नंबर ३', 'कॅम्प नंबर ४' असं लिहितात. पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिकत्व देण्याची तरतूद संविधानाच्या कलम ६ मध्ये होती. म्हणजे निर्वासितपण जन्मभराचं नसतं, ते संपू शकतं. पुस्तकातल्या व्याख्येतून हे मुलांना कळणार नाही, त्या पत्त्यावरून कळेल.

दुसरी गोष्ट कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. सोव्हिएत संघाने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना सैबेरिया, कझाकस्तानात हाकललं होतं. त्यातले सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. युद्ध संपलं, पण अनेकांची घरं असलेला भाग सोव्हिएत संघात गेला होता. आता परतायचं कुठे? हा प्रश्न वर्गात विचारावा आणि उत्तराची घाई करू नये.

मग जगाचा आकडा सांगता येतो. २०२४ च्या अखेरीस जबरदस्तीने विस्थापित झालेले लोक होते १२.३२ कोटी. त्यातले सुमारे ७.३५ कोटी आपल्याच देशात विस्थापित होते, म्हणजे कायद्याच्या व्याख्येत निर्वासितही नव्हते.

शिक्षकांनी काय सांभाळावं?

'दहा मिनिटांत घर सोडायचंय, एका पिशवीत काय घ्याल?' हा खेळ अशा तासाला हमखास घेतला जातो. वर्गात पाडकामात झोपडी गेलेलं मूल असेल, तर त्याच्यासाठी तो खेळ नसतो. कुणाला 'तू मूळचा कुठला?' असं सगळ्यांसमोर विचारणंही टाळावं. 'बांगलादेशी' ही शिवी म्हणून ऐकू आली, तर तास तिथेच थांबवून त्यावरच बोललेलं बरं.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार थेट बघतं, इतर अनेकांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था करते. शाळेपुरता नियम मात्र स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाचं 'प्रत्येक मूल' म्हटलंय, 'प्रत्येक नागरिक' नाही. वयाचा पुरावा नाही एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही, असं त्याचं कलम १४ सांगतं.