दोराचे खालचे टोक

आपल्या स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाने लिहायचे म्हणजे लसीकरण किंवा पौगंडावस्थेतील आहार, हे जवळजवळ ठरून गेलेले आहे. यंदा मात्र मी भिंतीवर चढणाऱ्या मुलांविषयी लिहिणार आहे. हैदराबादकरांना पाषाणांचे अप्रूप नाही. सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट इथे एखाद्याच्या कुंपणाला टेकून उभा असतो. पण आजची मुले चढायला शिकतात ती बहुधा छपराखालच्या कृत्रिम भिंतीवर. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये या खेळाला स्थान मिळाल्यापासून पालकांचा विरोधही मला कमी झालेला दिसतो.

माझी मुलगी शिकत असताना तिचा दोर धरायला कोणी नसे, म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी ‘बिले’ द्यायला, म्हणजे खालून दोर सांभाळायला शिकले. मुलगी शिक्षणासाठी परगावी गेली. मी तिथेच राहिले. आता रविवारी सकाळी प्रशिक्षकांच्या हाताखाली १३ ते १७ वर्षांच्या मुलांना ‘लीड’ पद्धतीची चढाई शिकवायला मी मदत करते.

नवशिकी मुले ‘टॉप रोप’वर चढतात. दोर माथ्यावरून आलेला असतो. हात सुटला तर मूल जवळजवळ तिथेच लोंबकळते. लीडमध्ये दोर खालूनच बरोबर न्यायचा असतो. वाटेत ठरावीक अंतरावर क्विकड्रॉ, म्हणजे दोन कॅराबिनर जोडणाऱ्या भक्कम पट्ट्या, लटकत असतात. त्यांत आपला दोर अडकवत वर जायचे. शेवटच्या क्विकड्रॉपासून कंबर जितकी वर, त्याच्या दुप्पट पडणे; ढील आणि दोराचे ताणले जाणे निराळेच.

मुलांची नेहमीची चूक अशी, की भीतीपोटी डोक्यावरचा क्विकड्रॉ हात ताणून लवकर गाठायचा. समजा, दुसरा क्विकड्रॉ जमिनीपासून ४ मीटरवर आणि तिसरा साडेपाच मीटरवर आहे. कंबर तिसऱ्याच्या पातळीला आणून दोर अडकवताना हात सुटला, तर पडणे ३ मीटरचे आणि कंबर थांबते जमिनीपासून अडीच मीटरवर. आता कंबर साडेचार मीटरवर असतानाच दोर वर ओढला, तर पडणे तितकेच ३ मीटरचे. पण ओढून घेतलेला दोर मोकळा सुटतो आणि कंबर थांबते दीड मीटरवर. त्यात ढील व ताण मिळवला की पाय जमिनीवर. मी हे खडूने फरशीवर काढून दाखवते. गणिताला कंटाळणारी मुलेही ते दोनदा बघतात.

खाली उभ्या असलेल्या मुलाचे काम याहून कठीण, असे माझे मत आहे. ढील फार झाली तर जोडीदार जमिनीवर येतो. दोर करकचून धरला तर तो भिंतीवर आपटतो आणि घोट्याला इजा होते. ब्रेकचा हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये. वजनाचाही विचार करावा लागतो: ४५ किलोच्या मुलीने ७० किलोच्या मुलाला झेलले की तीच हवेत उचलली जाते.

पडणे आम्ही मुद्दाम शिकवतो, तेही भिंतीच्या वरच्या भागात, जमिनीपासून पुरेसे दूर. आधी हातभर, मग थोडे अधिक. ते मुले लवकर शिकतात. ‘टेक’ असे ओरडून सांगणे, म्हणजे दोर ताणून धर, मला जमत नाही, ही कबुली मात्र त्यांच्या तोंडून निघत नाही. विशेषतः मुलग्यांच्या. हात थरथरत असतात, चेहरा पांढरा पडलेला असतो, आणि तोंड बंद.

अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाने मला चूक दाखवून दिली. त्या वर्षी त्याची उंची झपाट्याने वाढली होती. तो पाण्याची बाटली उजव्या हाताने न धरता डाव्याने धरू लागला, हे मी पाहिले. विचारल्यावर म्हणाला, “काही नाही मावशी, मधलं बोट जरा दुखतंय.” मुरगळले असेल, असे म्हणून मी बोटाला चिकटपट्टी गुंडाळून दिली. मार लागलेला नव्हता, सूज नावापुरती होती. तीन आठवड्यांनी दुखणे तसेच, तेव्हा एक्स-रे काढला. मधल्या पेराच्या बुडाशी, पाठीकडच्या बाजूला, वाढपट्टीतून गेलेली रेघ अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने बोट ठेवून दाखवली.

समव्यवसायी वाचकांसाठी सांगते: वाढीच्या वयातील चढणाऱ्या मुलांत हा अस्थिभंग एका आघाताने नव्हे, तर बोटे मुडपून बारीक पकडींवर वारंवार भार दिल्याने होतो. मधले किंवा अनामिका, आणि बोटाचा मधला सांधा. वयात येताना उंची झपाट्याने वाढते तोच काळ धोक्याचा. पहिला एक्स-रे निर्दोष असू शकतो. शंका राहिली तर एमआरआय करावा. वेळेत थांबवले तर बहुतेक मुले विश्रांतीने पूर्ण बरी होतात. दुर्लक्ष झाले तर सांधा कायमचा वाकडा किंवा आखडलेला राहू शकतो. म्हणून अशा मुलाचे त्या सांध्याचे दुखणे म्हणजे मुरगळ, असे आधीच समजू नये. हे मला ठाऊक असायला हवे होते.

त्याच्या आईला मी तसे सांगितले. त्यांनी रागावून विचारले, “तुम्ही तर मुलांच्याच डॉक्टर ना?” उत्तर नव्हते. नंतर त्या मुलानेच सांगितले, की दुखणे दिवाळीपासून होते. चढू देणार नाहीत म्हणून तो बोलला नव्हता.

तीन महिने त्याने भिंतीला हात लावला नाही. पण यायचा, वरच्यांचे दोर नीट अडकलेत का ते बघायचा, आणि कोणी गप्प राहून थरथरू लागले की खालून ओरडायचा, “अरे, टेक बोल ना!” आता तो पुन्हा चढतो. आठाची गाठ तपासून झाली की मुले माझ्यासमोर दोन्ही पंजे पसरतात, मी एकेक सांधा दाबून पाहते, आणि वेळ जातो म्हणून त्यांची कुरकुर चालू असते.