माशांच्या आहाराचा माग

रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या उत्तरेस, समुद्रकाठी थळ नावाचे गाव आहे. समोर पाण्यात खांदेरी व उंदेरी ही दोन दुर्गबेटे उभी आहेत. इ. स. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधण्यास प्रारंभ केला, म्हणून हे नाव इतिहासात प्रसिद्ध आहे. परंतु थळच्या कोळी बांधवांना ह्या बेटांभोवतीचा समुद्र उपजीविकेमुळेच अधिक परिचयाचा. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून डोल जाळे लावले म्हणजे त्यात बोंबील, मांदेली, जवळा, कोळंबी असे नाना प्रकारचे जीव सापडतात. होडी किनाऱ्यास लागली की त्यांची निवड होते; काही ताजे बाजारात जातात, तर काही उन्हात वाळविले जातात.

टोपलीत शेजारी शेजारी पडलेले हे जीव समुद्रात मात्र एकमेकांचे सोबती नसतात. त्यांतील एक दुसऱ्याचे भक्ष्य असतो. कोणी खाडीच्या चिखलात वाढून नुकताच बाहेर आलेला असतो, तर कोणी जन्मापासून खुल्या पाण्यातच राहिलेला असतो. कोण काय खातो आणि कोण कोठे वाढतो, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. जवळा बेसुमार पकडला तर त्यावर जगणाऱ्या बोंबलास काय उरेल? खाडीकाठची तिवरे तोडली तर समुद्रातील मासळी घटेल काय? ह्या प्रश्नांच्या उत्तरांवर कोळीवाड्यातील चुली अवलंबून असतात.

माशाचा आहार ओळखण्याची जुनी रीत म्हणजे त्याचे पोट उघडून पाहणे. बोंबलाच्या पोटात जवळा व मांदेली सापडतात. कधी कधी लहान बोंबीलही सापडतात. ही रीत उपयुक्त खरी, पण अपुरी आहे. पोटात दिसते ते केवळ शेवटचे जेवण. मऊ भक्ष्य लवकर पचते व ओळखू येत नाही. कठीण कवचाचे भक्ष्य तेवढे मागे राहते. शिवाय पुष्कळ माशांची पोटे रिकामीच आढळतात. तेव्हा माशाने गेल्या कित्येक आठवड्यांत काय खाल्ले, हे सांगणारा दुसरा साक्षीदार शोधणे भाग पडले. तो साक्षीदार माशाच्या मांसातच दडलेला आहे.

एकाच मूलद्रव्याचे सर्व अणू सारख्याच वजनाचे नसतात. रासायनिक गुणधर्म एक, परंतु वजन निराळे, अशा अणूंना ‘समस्थानिक’ म्हणतात. ही कल्पना फ्रेडरिक सॉडी ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१३ साली मांडली. काही समस्थानिक किरण बाहेर टाकीत नष्ट होतात. काही मात्र कायम टिकतात. टिकणारे ते स्थिर समस्थानिक होत. निसर्गातील दर हजार कार्बन-अणूंपैकी सुमारे ९८९ अणू १२ वजनाचे व ११ अणू १३ वजनाचे असतात. नायट्रोजनच्या दर हजार अणूंपैकी सुमारे ९९६ अणू १४ वजनाचे, तर चारच्या आसपास अणू १५ वजनाचे असतात. सजीवांच्या शरीरात हे प्रमाण किंचित बदलते, आणि ह्या किंचित बदलातच सारे रहस्य आहे.

प्रथम नायट्रोजनचा विचार करू. प्राणी अन्न पचवितो आणि त्यातील काही नायट्रोजन मलमूत्रावाटे बाहेर टाकतो. बाहेर जाताना हलके अणू अधिक जातात व जड अणू शरीरात अधिक राहतात. म्हणून खाणाऱ्याच्या अंगी जड नायट्रोजनचे प्रमाण त्याच्या भक्ष्यापेक्षा थोडे वाढते. ही वाढ प्रत्येक पायरीस सरासरीने दर हजारी ३.४ इतकी असते, असे मिनागावा व वाडा ह्या जपानी शास्त्रज्ञांनी १९८४ साली दाखविले. समजा, जवळ्याचे माप ९ भरले आणि बोंबलाचे १२.४ भरले, तर बोंबील जवळ्याहून अन्नसाखळीत एक पायरी वर आहे, असे अनुमान निघते.

कार्बनची गोष्ट निराळी आहे. भक्ष्याकडून भक्षकाकडे जाताना त्याचे प्रमाण फारसे बदलत नाही. परंतु मूळ अन्न बनविणाऱ्या वनस्पतींत मात्र ते भिन्न असते. एका ठरीव प्रमाणाशी तुलना केली असता तिवराच्या पानांचे माप सुमारे उणे २८, तर समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकांचे सुमारे उणे २० ते २२ येते. म्हणून नायट्रोजन माशाची पायरी सांगतो, तर कार्बन त्याच्या अन्नाचे मूळ सांगतो.

हे मोजण्यासाठी माशाच्या मांसाचा लहानसा तुकडा धुऊन वाळवितात व त्याची बारीक पूड करतात. एक मिलिग्रॅमच्या आसपास पूड जाळून निघालेले वायू द्रव्यमान वर्णपटमापक ह्या यंत्रात सोडतात. तेथे चुंबकाच्या प्रभावाने हलके व जड कण निरनिराळ्या वाटांनी वळतात आणि त्यांची मोजदाद होते.

शरीरातील मांस हळूहळू नवे होत असते. त्यामुळे स्थलांतर केलेल्या जीवाच्या अंगी जुन्या ठिकाणची खूण काही काळ राहते. अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर ब्रायन फ्राय ह्यांनी १९८१ साली ह्याच युक्तीने कोळंबीचा प्रवास शोधून काढला. किनाऱ्यालगतच्या उथळ सागरी गवतात वाढलेली कोळंबी खोल पाण्यात आल्यावरही तिच्या मांसातील कार्बनवरून ओळखू येत होती. यकृताचे घटक मांसापेक्षा लवकर बदलतात. म्हणून यकृत अलीकडची, तर मांस त्याआधीची हकीगत सांगते. माशाच्या कानातील खडा थरावर थर चढत वाढतो व पूर्वीचे थर बदलत नाहीत. त्यामुळे त्यात जन्मापासूनचा वृत्तांत साठलेला असतो.

आपल्या देशातही असे संशोधन झाले आहे. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी आंध्र प्रदेशात जेथे समुद्रास मिळते, तेथे कोरिंगाचे विस्तीर्ण कांदळवन आहे. तेथील पाण्याच्या तळाशी राहणाऱ्या जीवांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तिवरांचा पालापाचोळाच त्यांचे मुख्य अन्न असावे, असे कोणासही वाटले असते. परंतु प्लवक व चिखलावर वाढणारी सूक्ष्म शेवाळे ह्यांवरच बहुतेक जीव अधिक अवलंबून असल्याचे समस्थानिकांनी दाखविले. ह्यावरून तिवरे निरुपयोगी ठरतात, असे मात्र नाही. ती पिलांना आसरा देतात व किनाऱ्याची धूप रोखतात. आसरा आणि अन्न ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा.

एका किनाऱ्याचे उत्तर दुसऱ्या किनाऱ्यास जसेच्या तसे लागू पडत नाही. सांडपाण्यातील नायट्रोजन बहुधा जड असतो, तर हवेतील नायट्रोजनपासून बनविलेल्या युरियाचे माप शून्याजवळ असते. असे पाणी जेथे मिसळते, तेथे अन्नसाखळीची पहिली पायरीच वर वा खाली सरकते. तसेच तिवराचे उणे २८ व प्लवकाचे उणे २० हे अन्न निम्मे निम्मे खाणारा मासा उणे २४ दाखवील. पण उणे २४ चेच तिसरे एखादे अन्न खाणारा मासाही तेच दाखवील. म्हणून केवळ मासे तपासून भागत नाही. त्या ठिकाणचे प्लवक, शेवाळ, पाने व चिखल हेही तपासावे लागतात. पोट पाहण्याची जुनी रीतही टाकून देता येत नाही.

आणि नमुने कोठे, कोणत्या भरतीला व कोणत्या महिन्यात घ्यावयाचे, हे प्रयोगशाळेतील यंत्र सांगू शकत नाही. ते ज्ञान पिढ्यानुपिढ्या समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यापाशी असते. त्याचा अनुभव आणि शास्त्रज्ञाचे मोजमाप ह्यांची सांगड पडली, म्हणजे कोणती मासळी किती धरावी, कोणती पिले राखावी आणि कोणत्या खाडीस जपावे, ह्याचा निर्णय अंदाजाने न होता विचाराने होईल. समुद्राची संपत्ती मोठी असली तरी अमर्याद नाही; तिचा हिशेब ठेवील त्यालाच ती दीर्घकाळ लाभेल.