मुक्त आज्ञावली आणि तिचा परिवार

गेल्या गणेशोत्सवांत माझा एक जुना विद्यार्थी अंजनवेलीस आला, तो संगणक घेऊनच. मुलांस शुद्धलेखन शिकविणारी आज्ञावली त्यानें रचली होती व ती जी. पी. एल्. परवान्याखालीं मोकळी केली होती. कोणीही ती वापरावी, बदलावी. मात्र बदलून वांटावयाची झाल्यास याच अटीवर, मूळ लेखनासह वांटावी. तिच्यांतील पाठ माझे. “गुरुजी, पाठांवर कोणता परवाना घालूं?” असें त्यानें विचारतांच मीं म्हटलें, “कांहींच लिहूं नकोस, म्हणजे झाले मोकळे!”

पण ‘मौनं संमतिलक्षणम्’ हें वचन येथें उलटें पडतें. १९५७ च्या कायद्याप्रमाणें लिहितांक्षणींच लेखकाचा हक्क उत्पन्न होतो. नोंदणीची गरज नाहीं. आणि तो लेखकाच्या पश्चात् ६० वर्षें राहतो. माझें मौन म्हणजे नातवंडांच्या गळ्यांत अडकविलेली किल्ली!

मग पाठांसही जी. पी. एल्. कां नको? तो आज्ञावलीसाठीं घडविलेला आहे. एखाद्या शिक्षकानें पाठ छापून वांटले, तर त्यांची मूळ फाईलही पुरविण्याचें ओझें त्याच्यावर पडावयाचें. म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या, याच अटीवर वांटा’ हा परवाना आम्हीं घेतला. मराठी विकिपीडियाचाही हाच प्रकार. त्याच्या चौथ्या आवृत्तींतील मजकूर २०१५ पासून जी. पी. एल्.च्या तिसऱ्या आवृत्तींत मिसळतां येतो. उलट मात्र नाहीं. व्यापारास बंदी घालण्याचा मोह मला झाला होता. परंतु मग गांवच्या दुकानदारानें चार पैसे नफा ठेवून प्रती काढल्या, तरी तो दोषी ठरता!

अक्षरांच्या फाँटाची गोष्ट निराळी. तेथें परवाना निवडणारे आम्हीं कोण? मुंबईच्या एक टाइपनें काढलेला ‘मुक्त’ हा फाँट ओपन फाँट लायसन्सखालीं मिळतो. तो आज्ञावलीबरोबर द्यावा, पण सुटा विकूं नये, व परवान्याचा कागद जवळ ठेवावा; त्यांत छापलेल्या मजकुरावर कसलेंच बंधन नाहीं. ‘लोहित’ फाँटही आधीं जी. पी. एल्.खालीं होते, २०११ त त्यांनीं हाच परवाना घेतला. शब्दांची यादी मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशांतून घेतलेली, तेव्हां तिचा हक्क केव्हांच सरला आहे.

राहिलीं चित्रें. तीं शाळेंतील एका मुलीनें काढलेलीं. तिला वा तिच्या वडिलांना कोणीं विचारलेंच नव्हतें! विद्यार्थी ओशाळला. संध्याकाळीं पाऊस उघडल्यावर छत्री घेऊन आम्हीं दोघे त्यांच्या घरीं गेलों.