सहीखालचा नंबर

माझी मावसबहीण ओहायोत राहते. तिचा मुलगा चौदा वर्षांचा. मोबाइलच्या जमान्यातला हा पोरगा शाळेतून आला की आधी दारातली टपालपेटी उघडतो! त्याला नाद आहे निवृत्त फुटबॉलपटूंच्या सह्या जमवायचा. फुटबॉल म्हणजे आपला नव्हे हं! लांबुळक्या चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांना धडका देत खेळायचा अमेरिकन फुटबॉल.

पद्धत अगदी साधी. हातानं लिहिलेलं छोटंसं पत्र, एखादं कोरं कार्ड आणि आपलाच पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. आठवतं ना, मासिकाला कविता पाठवताना आपणही असंच पाकीट जोडायचो! मग वाट बघायची. कधी पंधरा दिवसांत उत्तर येतं, कधी वर्षानं, कधी पत्ता बदलल्याचा शिक्का घेऊन आपलंच पाकीट परत. निवृत्त खेळाडू बरेचदा सवडीनं सही करतात आणि खाली आपला जर्सीचा नंबर घालतात.

एकदा मात्र कार्ड कोरंच परत आलं. सोबत खेळाडूच्या बायकोची चिठ्ठी होती. ‘यांना आता सही जमत नाही. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, तेव्हा हसले.’ बस, एवढंच.

बहिणीनं फोनवर हे सांगितलं आणि मला माझ्या सासूबाई दिसायला लागल्या. सासरे शिक्षक होते. हजारो प्रगतिपुस्तकांवर झोकात सही केलेला माणूस. पण स्मृतिभ्रंश झाला आणि पेन्शन काढायला गेल्यावर बँकेत सही जुळेना. सासूबाई रोज दुपारी त्यांना पाटीवर सही गिरवायला लावायच्या. बँकेतल्या माणसाला यातलं काय दिसणार?

अशीच एक बायको तिकडे अमेरिकेत होती, सिल्व्हिया मॅकी. तिचा नवरा जॉन मॅकी बाल्टिमोर कोल्ट्सचा नावाजलेला खेळाडू, नंबर ८८. फुटबॉलमधला मोठा मान म्हणजे ‘हॉल ऑफ फेम’. तोही त्याला १९९२ मध्ये मिळाला. पुढे त्याला स्मृतिभ्रंशानं गाठलं. उपचारांचा खर्च परवडेना. आरोग्य विमा मिळावा म्हणून सिल्व्हियानं पन्नाशी उलटल्यावर हवाई सुंदरीची नोकरी धरली.

आणि २००६ मध्ये तिनं पत्र लिहिलं. सही मागायला नाही, तर फुटबॉल लीगच्या प्रमुखांना, पॉल टॅग्लियाबू यांना. घरात काय चाललंय, सांभाळणाऱ्याची काय दशा होते, सगळं स्पष्ट लिहिलं. त्यातूनच २००७ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंसाठी योजना आली. देखभालीला वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत मदत! नाव ‘८८ प्लॅन’, जॉनच्या नंबरावरून. इतर खेळाडूंच्या बायकांनाही सिल्व्हिया धीर देत राहिली. जॉन २०११ मध्ये गेला. त्याचा मेंदू तपासल्यावर त्यात डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी निगडित आजार आढळला.

मैत्रिणींनो, मला या पत्राचं फार अप्रूप वाटतं. आपण बायका घरातलं दुखणं चार भिंतींत झाकून ठेवतो. ‘लोक काय म्हणतील’ हा एक धाक, आणि ‘माझंच कर्तव्य’ हा दुसरा. सासूबाईंनीही कुणाला काही सांगितलं नाही. शेवटी त्या स्वतःच आजारी पडल्या, तेव्हा आम्हाला कळलं की वर्षभर त्या रात्रीच्या झोपल्याच नव्हत्या. वेळेवर कुणाला तरी सांगायला हवं होतं. आणि आम्हीही विचारायला हवं होतं.

भाच्यानं ते कोरं कार्ड टाकून दिलं नाही. ते त्याच्या अल्बममध्ये आहे, शेजारी ती चिठ्ठी. आता प्रत्येक पत्राच्या शेवटी तो एक ओळ जास्तीची लिहितो, ‘घरी तुमची काळजी घेणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.’